नव्या कर्नलचे नऊ दिवस : डेबियन १२ वर ६.१२ बांधताना काय काय अडलं

१८ जानेवारी २०२५, शनिवारी सकाळी डेबियन १२ या लिनक्स वितरणावर नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) सोर्सवरून कंपाइल करायला घेतला आणि २६ जानेवारीच्या रविवारी दुपारी मशीन पुन्हा पूर्ण कामाचं झालं. त्यात कंपाइलचा वेळ सगळा मिळून तीन-चार तासच. बाकीचे दिवस गेले ते नव्या कर्नलशी काय जुळत नाही हे शोधण्यात. कुणी याच वाटेने निघालं असेल तर निदान पाट्या वाचता याव्यात, म्हणून क्रमाने लिहितो आहे. हुकूम इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टंकायचे.

आधी कारण. डेबियन १२ चा मूळ कर्नल ६.१. लॅपटॉप एएमडी रायझनचा, त्यात वाय-फायचं नवं कार्ड बसवलेलं : मीडियाटेक एमटी७९२५, किंमत १,९५० रुपये. या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.७ पासून. ६.१ ला खाचेत काहीतरी बसलं आहे एवढंच दिसतं. दुसरं दुखणं लॅपटॉपच्या अंगच्या मायक्रोफोनचं. एएमडीच्या या पिढीत मायक्रोफोन थेट प्रोसेसरमधल्या ऑडिओ भागाला जोडलेला असतो आणि कोणत्या मॉडेलमध्ये तो आहे याची यादी कर्नलच्या 'साउंड/एसओसी/एएमडी/वायसी' या फोल्डरातल्या 'एसीपी६एक्स-मॅक' नावाच्या सी फाईलमध्ये हाताने लिहिलेली आहे. यादीत तुमचं मॉडेल नाही, तर मायक्रोफोन मुका. माझं नव्हतं. म्हणजे यादीत एक नोंद घालायची आणि कर्नल बांधायचा.

नुसतं वाय-फाय हवं असेल तर हा सगळा खटाटोप करू नका. डेबियनच्या बॅकपोर्ट्समधला (जुन्या आवृत्तीसाठी नवी पॅकेजेस देणारा साठा) तयार नवा कर्नल घ्या, दहा मिनिटांत काम होतं.

तयारीचा खर्च फारसा नाही. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह ३८० रुपयांना घेऊन त्यावर डेबियनची लाइव्ह आवृत्ती टाकून ठेवली. ती शेवटपर्यंत लागली नाही, पण ती खिशात नसताना पुढचं काही केलं नसतं. नेट मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगवर, रोजच्या दीड जीबीत.

शनिवार, १८ जानेवारी : कंपाइल

लागणारी पॅकेजेस : बिल्ड-इसेन्शियल, बीसी, बायसन, फ्लेक्स, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, आरसिंक, डेबहेल्पर आणि ड्वार्व्ज. शेवटचं नाव बहुतेक याद्यांत सुटतं. त्यातच 'पाहोल' हे हत्यार असतं आणि ते नसेल तर कंपाइल पार शेवटी, व्हीएमलिनक्स (कर्नलची मुख्य फाईल) जोडताना, बीटीएफच्या (डीबगच्या माहितीचं एक आटोपशीर रूप) नावाने थांबतं. तासभर वाट पाहून हे कळण्यासारखं वाईट दुसरं काही नाही.

६.१२.१० चा गठ्ठा कर्नल डॉट ऑर्गवरून घेतला, साधारण १४० एमबी. सही तपासताना आधी एक्सझेड उलगडायचं. सही उलगडलेल्या टार फाईलची असते, दाबलेल्याची नव्हे. न उलगडता तपासलं तर 'बॅड सिग्नेचर' येतं आणि उगाच धडकी भरते.

डिस्कवर ३० जीबी मोकळी ठेवा. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये डीबगची माहिती चालू असते आणि कंपाइलचं फोल्डर त्यामुळेच फुगतं.

बूट डिरेक्टरीतली चालू कर्नलची कॉन्फिग फाईल उचलून सोर्सच्या फोल्डरात 'डॉट कॉन्फिग' नावाने ठेवली, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवलं आणि कंपाइलला लावलं. थोड्याच वेळात थांबलं : 'डेबियन/सर्ट्स/डेबियन-यूईएफआय-सर्ट्स डॉट पेम' ही फाईल बनवायचा नियम सापडत नाही. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये त्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचा पत्ता लिहिलेला असतो, आणि मूळ गठ्ठ्यात ती फाईल असायचं कारणच नाही. 'स्क्रिप्ट्स/कॉन्फिग' या हत्याराने 'सिस्टिम_ट्रस्टेड_कीज' ची किंमत रिकामी केली की पुढे जातं. उबुंटूवाल्यांना हेच कॅनॉनिकलच्या प्रमाणपत्रावर अडतं, आणि तिथे 'सिस्टिम_रिव्होकेशन_कीज' हेही रिकामं करावं लागतं.

सहा कोअरवर एक तास दहा मिनिटं. मग जुन्या पुस्तकी पद्धतीने 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' आणि 'मेक इन्स्टॉल'. स्क्रीनवरून ओळी सरसर गेल्या, शेवटी प्रॉम्प्ट आला, तेव्हा झालं असं धरलं. त्या ओळींत एक महत्त्वाची होती. ती दुसऱ्या दिवशी सापडली.

शनिवार संध्याकाळ : सही नाही

रीबूट केल्यावर ग्रबने (मशीन सुरू होताना कर्नल उघडणारा प्रोग्रॅम) नवा कर्नल उघडायलाच नकार दिला : 'बॅड शिम सिग्नेचर', आणि खाली 'यू नीड टु लोड द कर्नल फर्स्ट'. सिक्युअर बूट (ओळखीची सही असेल तरच सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे, डेबियनच्या कर्नलवर डेबियनची सही असते, घरी बांधलेल्यावर कुणाचीच नाही. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा मार्ग आहे. डिस्क एन्क्रिप्टेड ठेवायची आणि बूटची साखळी मात्र उघडी सोडायची, हे मला पटलं नाही. म्हणून स्वतःची किल्ली.

'ओपनएसएसएल' ने २०४८ बिटांची आरएसए किल्ली आणि दहा वर्षांचं प्रमाणपत्र बनवलं. प्रमाणपत्राच्या दोन प्रती लागतात : नोंदणीसाठी डीईआर रूपातली, सही करण्यासाठी पीईएम रूपातली. मॉक म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली. 'मॉकयुटिल इम्पोर्ट' ला डीईआर द्यायची, ते एक तात्पुरता पासवर्ड विचारतं. पुढच्या बूटला निळा पडदा येतो : 'एनरोल मॉक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट. इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. हा पडदा दहा सेकंदच थांबतो. चहा आणायला गेलात तर तो निघून जातो आणि इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं. आणि तिथला कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, म्हणून पासवर्डात चिन्हं नकोत, साधी अक्षरं आणि आकडे ठेवा.

नंतर 'एसबीसाइनटूल' पॅकेजमधल्या 'एसबीसाइन' ने बूटमधल्या व्हीएमलिनझ फाईलवर सही केली. ही सही प्रत्येक नव्या बांधणीला नव्याने करायची. खाजगी किल्ली फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवा, नाहीतर सिक्युअर बूट चालू ठेवण्यात अर्थ उरत नाही.

रविवार, १९ जानेवारी : पहिला पॅनिक

या वेळी कर्नल सुरू झाला आणि दोन सेकंदांत मेला. 'कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग : व्हीएफएस : अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'.

हा संदेश वाचून डिस्क गेली असं वाटतं. कंसातले दोन शून्य नीट पाहा : कर्नलला एकही डिस्क ओळखता आलेली नाही. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये एनव्हीएमई (डिस्कचा ड्रायव्हर) आणि ईएक्सटी४ (फाईलप्रणाली) दोन्ही मॉड्यूल, म्हणजे नंतर जोडायचे सुटे तुकडे म्हणून असतात, कर्नलच्या पोटात नसतात. ती मॉड्यूल्स इनिटआरडी नावाच्या छोट्या फाईलप्रणालीतून येतात. म्हणजे प्रश्न डिस्कचा नव्हे, इनिटआरडीचा.

ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून जुना ६.१ उघडला. बूट डिरेक्टरीत ६.१२.१० ची इनिटआरडी नव्हतीच. एन्क्रिप्टेड मांडणीमुळे बूटचा विभाग वेगळा, ५१२ एमबीचा. 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' मॉड्यूल्स डीबगच्या माहितीसकट टाकतं, त्यांतून बनणारी इनिटआरडी अवाढव्य होते, आणि ती त्या विभागात मावली नाही. काल सरसर गेलेली ओळ हीच होती : 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'.

हाताने टाकलेलं सगळं हाताने काढलं : लिब/मॉड्यूल्समधलं ६.१२.१० चं फोल्डर, बूटमधल्या तीन फाईली (व्हीएमलिनझ, सिस्टिम डॉट मॅप, कॉन्फिग), मग 'अपडेट-ग्रब'. हाताने टाकण्याचा आणखी एक तोटा : मॉड्यूल्सच्या फोल्डरातला 'बिल्ड' हा दुवा थेट सोर्सच्या फोल्डराकडे जातो. जागा करायला म्हणून सोर्स उडवला की बाहेरचे ड्रायव्हर बांधणं बंद पडतं.

त्यानंतर 'मेक बिनडेब-पीकेजी'. याने डेबियनची पॅकेजेस बनतात, 'डीपीकेजी' ने टाकता येतात आणि तशीच काढताही येतात. इमेज आणि हेडर्स ही दोनच टाकायची. 'लिनक्स-लिबसी-डेव्ह' नावाचंही एक तयार होतं, ते राहू द्या. वितरणाचं आहे ते बरं आहे. डीबगची माहितीही बंद केली ('डीबग_इन्फो_नन'). त्याची किंमत अशी की बीटीएफ जातं आणि ईबीपीएफची (चालू कर्नलमध्ये डोकावायची) जी हत्यारं त्याच्यावर चालतात ती चालत नाहीत. तुम्ही ती वापरत असाल तर डीबग चालू ठेवा आणि बिनडेब-पीकेजीलाच मॉड्यूल्स हलकी करू द्या.

इनिटआरडी ७० एमबीच्या आसपास आली. सही केली, बूट झालं. 'अरेकॉर्ड' च्या यादीत मायक्रोफोन दिसला. ज्या एका नोंदीसाठी हे सगळं, ती पहिल्याच यशस्वी बूटला चालली.

त्या नोंदीबद्दल एवढंच : बोर्डाच्या निर्मात्याचं नाव आणि उत्पादनाचं नाव 'सिस/क्लास/डीएमआय/आयडी' मधल्या फाईलींतून जसंच्या तसं उचला. स्टिकरवरचं किंवा खोक्यावरचं नाव चालत नाही. 'डीएमआय_मॅच' हे तुकडा जुळवतं, 'डीएमआय_एक्झॅक्ट_मॅच' पूर्ण नाव. लहान-मोठ्या लिपीचा फरकही जुळणी मोडतो.

वाय-फाय मात्र नव्हतं. 'एलएसपीसीआय -एनएनके' मध्ये १४सी३:७९२५ हे उपकरण दिसत होतं, पण खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ गायब. कॉन्फिग पाहिली तर 'एमटी७९२५ई इज नॉट सेट'. ओल्डडेफकॉन्फिगचं कामच ते : जुन्या कॉन्फिगमध्ये ज्याचा उल्लेख नाही, अशा प्रत्येक नव्या प्रश्नाला तो मूळ उत्तर देतो, आणि नव्या ड्रायव्हरचं मूळ उत्तर बहुधा 'नको' असतं. ज्या ड्रायव्हरसाठी नवा कर्नल हवा, तोच गाळून कर्नल तयार होतो. यावर उपाय आहे. ओल्डडेफकॉन्फिगच्या आधी 'मेक लिस्टन्यूकॉन्फिग' चालवा. नव्या प्रश्नांची यादी मिळते. ६.१ पासून ६.१२ पर्यंत ती शेकड्यांनी आहे, पण आपल्या हार्डवेअरची नावं त्यात शोधायला पाच मिनिटं पुरतात.

बुधवार, २२ जानेवारी : दुसरा पॅनिक, तोच संदेश

मधले दिवस कामाचे, जुन्या कर्नलवर. मंगळवारी टेदरिंगचा डेटा संपला म्हणून कपाटातला जुना यूएसबी वाय-फाय डोंगल काढला. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही. बाहेरून घेऊन डीकेएमएसने (बाहेरचे ड्रायव्हर दर कर्नलसाठी बांधणारं हत्यार) बांधावा लागतो. ६.१ वर तो मुकाट बांधला गेला. पुढचा गोंधळ याच डोंगलने केला.

बुधवारी रात्री एमटी७९२५ई चालू करून पुन्हा बांधणी. या वेळी 'लोकलव्हर्जन' बदलून कर्नलला वेगळं नाव दिलं. एकाच नावाने दुसऱ्यांदा बांधून टाकलं की चालू कर्नलच्या मॉड्यूल्सवर नवी मॉड्यूल्स चढतात. त्यानंतर पेनड्राइव्ह लावला आणि नवं मॉड्यूल लागलं की 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' येऊ शकतं, आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची नोंद) 'डिसॲग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल मॉड्यूल_लेआउट'. नाव बदलायला पैसे पडत नाहीत.

डीपीकेजीने शेवटी कुरकुर केली. रीबूट केल्यावर ग्रबच्या यादीत नवा कर्नलच नाही. म्हणून जुन्यात जाऊन हाताने सही केली, हाताने 'अपडेट-ग्रब' चालवलं, रीबूट केलं, आणि पुन्हा अननोन-ब्लॉक(०,०). बूटच्या विभागात जागा तर भरपूर होती.

कर्नलचं पॅकेज बसताना 'इटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट डॉट डी' मधल्या स्क्रिप्ट अक्षरक्रमाने चालतात. आधी डीकेएमएस, मग इनिटरॅमएफएस-टूल्स, शेवटी झेडझेड-अपडेट-ग्रब. पहिली नापास झाली की पुढच्या चालतच नाहीत. डोंगलचा ड्रायव्हर ६.१२ वर बांधला गेला नाही, म्हणून इनिटआरडी बनली नाही, म्हणून ग्रबची यादी ताजी झाली नाही. यादीत कर्नल नसणं ही खरं तर सूचनाच होती; हाताने अपडेट-ग्रब चालवून मी ती पुसून टाकली. डीपीकेजीच्या आउटपुटमध्ये 'रन-पार्ट्स : … डीकेएमएस एक्झिटेड विथ रिटर्न कोड' असं दिसलं तर रीबूट करू नका. इनिटआरडी आहे का, ते आधी बघा.

ड्रायव्हर का बांधला गेला नाही हे डीकेएमएसच्या फोल्डरातल्या 'मेक डॉट लॉग' मध्ये असतं. ती फाईल वरून वाचायची. शेवटच्या पन्नास ओळी म्हणजे पहिल्या चुकीचे पडसाद. माझ्या फाईलमधली पहिली चूक : 'एएसएम/अनअलाइन्ड डॉट एच' ही फाईल नाही. ६.१२ मध्ये ही हेडर फाईल 'लिनक्स/अनअलाइन्ड डॉट एच' इथे हलली. ड्रायव्हरच्या सोर्समध्ये ती ओळ आवृत्तीच्या अटीत गुंडाळली, म्हणजे 'लिनक्स_व्हर्जन_कोड' ६.१२.० किंवा पुढचा असेल तर नवा पत्ता, नाहीतर जुना. असं केलं की तोच सोर्स ६.१ वरही चालतो. मग डीकेएमएसमधून जुनी नोंद काढून ड्रायव्हर पुन्हा जोडला, '-के' ने नव्या कर्नलचं नाव देऊन बांधला, आणि 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ने उरलेल्या स्क्रिप्ट आपोआप पूर्ण झाल्या.

हे दर थोड्या आवृत्त्यांनी होणारच. कर्नल बाहेरच्या प्रोग्रॅम्सशी असलेलं नातं जपतो. दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजच्या कर्नलवर सहसा चालतो. ड्रायव्हरशी असं कुठलंही वचन नाही, आणि सोर्समध्येच कर्नलचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोह-हार्टमन यांचा दस्तऐवज आहे ज्यात ते का नाही हे स्पष्ट सांगितलं आहे. ६.१ वरून ६.१२ ला उडी मारणाऱ्यांना लॉगमध्ये भेटणारी नेहमीची मंडळी : ६.३ पासून 'व्हीएम_फ्लॅग्ज' थेट बदलता येत नाही, त्यासाठी 'व्हीएम_फ्लॅग्ज_सेट' वापरावं लागतं. ६.४ पासून 'क्लास_क्रिएट' ला एकच आर्ग्युमेंट, म्हणून 'टू मेनी आर्ग्युमेंट्स'. ६.८ मध्ये 'एसटीआरएलसीपीवाय' गेलं, त्याजागी 'एसटीआरएससीपीवाय'. ६.११ पासून प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं 'रिमूव्ह' काहीच परत देत नाही. ६.१२ मध्ये 'नो_एलएलसीक' गेलं. ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीत हे सहसा आधीच दुरुस्त केलेलं असतं, म्हणून हाताने हात घालण्याआधी ती पाहावी. मी पाहिली नाही, अर्धी रात्र गेली.

जाता जाता : डीमेसेजमध्ये 'मॉड्यूल व्हेरिफिकेशन फेल्ड … टेंटिंग कर्नल' असं दिसलं तर घाबरू नका. सिक्युअर बूटमध्ये बिनसहीची मॉड्यूल्स अडवणारा लॉकडाउन आपोआप लागू करणारा पॅच डेबियनच्या कर्नलमध्ये असतो, कर्नल डॉट ऑर्गच्या मूळ सोर्समध्ये नसतो. त्यामुळे घरच्या कर्नलवर असं मॉड्यूल लागतं, फक्त शेरा पडतो.

गुरुवार आणि शुक्रवार

ड्रायव्हर लागला, कार्ड तरी गप्प. डीमेसेज : मीडियाटेक/एमटी७९२५ मधल्या फाईलींसाठी 'डायरेक्ट फर्मवेअर लोड … फेल्ड विथ एरर -२'. उणे दोन म्हणजे फाईलच नाही. डेबियन १२ चं फर्मवेअर (कार्डात भरायचा कोड) पॅकेज फेब्रुवारी २०२३ चं आहे, आणि ६.७ कर्नल आला जानेवारी २०२४ मध्ये. हे फर्मवेअर त्यात असणं शक्यच नव्हतं. लिनक्स-फर्मवेअरच्या मूळ साठ्यातून तीन फाईली घेतल्या, दोन वाय-फायच्या आणि एक ब्लूटूथची, आणि त्या लिब/फर्मवेअर/मीडियाटेक/एमटी७९२५ मध्ये ठेवल्या. वाय-फाय लगेच आलं. ब्लूटूथ दोन रीबूट करूनही आलं नाही. मशीन पूर्ण बंद करून, चार्जर काढून, अर्ध्या मिनिटाने चालू केल्यावर आलं. अशी कॉम्बो कार्डं साध्या रीबूटला पूर्णपणे कोरी होत नाहीत.

शुक्रवारी व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम). त्याची मॉड्यूल्स बांधली गेली, मशीन सुरू करताना मात्र 'व्हीईआरआर_एसव्हीएम_इन_यूज'. मीही आधी मॉड्यूल्स दोनदा बांधली आणि बायोसमध्ये जाऊन एएमडी-व्ही चालू असल्याचं पाहून आलो. दोन्ही फुकट. ६.१२ पासून केव्हीएम (आभासी मशीनसाठी कर्नलची स्वतःची सोय) आपलं मॉड्यूल लागताक्षणीच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय ताब्यात घेतं. आधी ते पहिलं केव्हीएम मशीन सुरू होईपर्यंत थांबायचं. उपाय कर्नलच्या कमांड लाइनवर एक शब्द : 'केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०'. तेवढ्यापुरतं करायचं तर 'केव्हीएम_एएमडी' काढून टाकलं तरी चालतं. इंटेलवाल्यांना हीच गोष्ट 'व्हीएमएक्स_इन_व्हीएमएक्स_रूट_मोड' या नावाने भेटते.

शनिवार, २५ जानेवारी : छाटणी

डीबग बंद केल्यावरही दर वेळी पाऊण तास लागत होता, तो नको म्हणून 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. हे त्या क्षणी लागलेली मॉड्यूल्स पाहतं आणि बाकीची बंद करतं. कंपाइल नऊ मिनिटांवर आलं. मग डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) पडलं : 'एक्सटेन्शन ॲड्रटाइप रिव्हिजन ० नॉट सपोर्टेड, मिसिंग कर्नल मॉड्यूल?' छाटणीच्या वेळी डॉकर बंद होतं, म्हणून त्याची नेटफिल्टर मॉड्यूल्स, ब्रिज, व्हेथ, ओव्हरले, सगळी कात्रीत सापडली. पेनड्राइव्ह लागेना, कारण त्या वेळी तो लावलेला नव्हता. मोबाइलचं टेदरिंगही गेलं ('आरएनडीआयएस_होस्ट'), म्हणजे वाय-फाय बिघडलं तर नेटचा दुसरा रस्ताही बंद. ईएफआय विभाग छाटणीच्या वेळी माउंट नसेल तर त्याहून वाईट : 'आयओ कॅरसेट ॲस्की नॉट फाउंड', माउंट नापास, आणि मशीन थेट इमर्जन्सी मोडमध्ये.

छाटणी करायचीच तर आधी पूर्ण कर्नलवर आठवडाभर सगळं वापरा : पेनड्राइव्ह, प्रिंटर, व्हीपीएन, डॉकर, टेदरिंग, बाहेरचा पडदा. रोज 'एलएसमॉड' चं आउटपुट एकाच फाईलमध्ये जमवा आणि 'एलएसमॉड=' असं म्हणून ती फाईल लोकलमॉडकॉन्फिगला द्या. काय गेलं ते 'स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग' ने जुनी आणि नवी कॉन्फिग शेजारी ठेवून पाहा. मी पूर्ण कॉन्फिगवर परतलो. पाऊण तास मशीनचा जातो, माझा नाही.

रविवार, २६ जानेवारी

सही करायची स्क्रिप्ट पोस्टइन्स्टच्या फोल्डरात ठेवली, म्हणजे ती दर वेळी आपोआप होईल. नावात टिंब नको : 'साइन डॉट एसएच' असं नाव दिलं तर रन-पार्ट्स ती फाईल काही न बोलता वगळतं.

ग्रबमध्ये 'जीआरयूबी_डिफॉल्ट=सेव्ह्ड' केलं. आता नवा कर्नल 'ग्रब-रीबूट' ने एकदाच उघडायचा आणि कमांड लाइनवर 'पॅनिक=१०' ठेवायचं. पॅनिक झाला तर दहा सेकंदांनी मशीन स्वतःच जुन्या कर्नलवर परततं. हे पहिल्या शनिवारी केलं असतं तर बरेच फोटो काढायचे वाचले असते. पडद्याचे फोटो काढा मात्र. इतक्या लवकर झालेल्या पॅनिकचा लॉग डिस्कवर उरत नाही. त्याहून पुढे गेलेल्या बूटचा लॉग 'जर्नलसीटीएल -के -बी -१' मध्ये मिळतो.

मायक्रोफोनची नोंद मूळ कर्नलसाठी पाठवली. त्याची कागदपत्रं अशी : पॅच देखभाल करणाऱ्यांच्या ताज्या झाडावर (सोर्सच्या साठ्यावर) बनवायचा, ६.१२.१० वर नव्हे. 'चेकपॅच' ने तपासायचा. कुणाला पाठवायचा ते 'गेट_मेंटेनर' सांगतं. खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि स्वतःचं नाव. ई-मेल साध्या मजकुरात, 'गिट सेंड-ईमेल' ने. मेलच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवलेल्या पॅचमधले टॅब मोडतात. स्टेबल शाखेत (६.१२.१० सारख्या दुरुस्तीच्या आवृत्त्यांत) तो लिनस टोरवाल्ड्सच्या मूळ झाडात उतरल्यावरच येतो.

तोवर तो घरच्या फोल्डरात. त्याच दुपारी ६.१२.११ वर गेलो. इथे शेवटचा खड्डा : 'पॅच-६.१२.११' ही फाईल ६.१२ वर लावायची असते, ६.१२.१० वर नव्हे. एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर नेणारे पॅच 'इन्क्र' नावाच्या वेगळ्या फोल्डरात असतात. तो लावला, माझी नोंद 'पॅच -पी१' ने तपासली, ती आधीपासून जागेवर होतीच. डोंगलचा ड्रायव्हर न कुरकुरता बांधला गेला, इनिटआरडी बनली, सही झाली. पॅच उतरवण्यापासून बूटपर्यंत पंचावन्न मिनिटं.